सूर्यास्तानंतर तर बंद

दर वर्षी नारळी पुनवेच्या आधी
सोसायटी मला दोन डबे रंग देते, एक पांढरा, एक काळा,
आणि धक्क्यावरची पाटी मी अंगणात उतरवून आणतो.
खाऱ्या वाऱ्यानं तोवर 'बंद'वरचा अनुस्वार खाल्लेला असतो.
'उतारू १८' मधला एक गेलेला असतो, उरतो नुसता आठ.
ते दोन-तीन महिने नियम जास्तच कडक असतो,
कुणाच्या लक्षात येत नाही.

पाटीला कारण होतं.
शिमग्यातल्या एका रात्री होडी उलटली.
सात माणसं. सहा सापडली.
सुतक फिटल्यावर सगळा गाव देवळात जमला,
गावकरानं गाऱ्हाणं घातलं:
काळोख पडल्यार तर सुटाची नाय,
आमच्या पोरांनी, त्येंच्या पोरांनी ह्यो सबूद पाळूचो,
आणि दीडशे गळे एकदम म्हणाले, व्हय म्हाराजा.
खोटं कुणीच बोलत नव्हतं.
हे मला फार उशिरा कळलं.

पास्कू आल्मेडानं वही घातली, तांबड्या पुठ्ठ्याची.
वेळ, चढले, उतरले, भरती की ओहोटी, कारण, सही.
चौदा महिने तिच्यात
दिवेलागणीनंतरची एकही ओळ नाही.

मग एक ओळ आहे.
रात्री पावणेदहा. चढले तीन. उतरले चार.
पास्कूनं तांबड्या शाईनं चाराचे तीन केलेत,
शेजारी लिहिलंय, चूक.

तो चौथा मी.

हलीमा सुईण सांगायची, ऐन खाडीत झालास,
बाबल तांडेलानं वल्ही उचलून धरली होती
आणि ओहोटी आपणहून होडीला दर्याकडं नेत होती.
आई म्हणते, कायच्या काय, पलीकडं पोचल्यावर झालास.
वही दोघींपैकी कुणाचीच बाजू घेत नाही.
बाबलनं नाही म्हणायला हवं होतं का?
त्याची सख्खी मेहुणी त्या सातांत होती.

पुढच्या ओळी निवांत वाचण्यासारख्या आहेत.
फुरसं चावलेला मुलगा.
त्याच्या बापाला परत आणून सोडायला.
दशावताराची मंडळी, पेटाऱ्यांसकट,
कारण त्यांनी सुपारी घेतली होती, आणि तोही शब्दच.
मग तालुक्याचा साहेब, कारण साहेब.
मग कारणाचा रकाना आखणंच पास्कूनं सोडलं,
मग पास्कूला दिसेनासं झालं,
उरलेल्या पानांवर त्याच्या नातीनं
सुकटीच्या उधाऱ्या मांडल्या. त्या मात्र चोख आहेत.

मला वाटायचं, नियम वाईट माणसं मोडतात.
वाईट माणसं असून असून किती,
आणि त्यांना रात्रीचं पलीकडं काम काय?
गडग्याचा एक चिरा आपणच काढतो,
वासराला वाट म्हणून,
चातुर्मास संपेतो तिथून बैल जातो
आणि आपण बैलाला शिव्या देतो.

जो सापडला नाही त्याची बायको, शेवंती खवणेकरीण,
पाटी परत लागते त्या दिवशी काठी टेकत येते.
वाचता येत नाही तिला. पहिल्या ओळीतली अक्षरं
बोटानं मोजते, दहा भरली की जाते.
एका साली 'र' राहून गेला होता,
तिनं मला घरून हाक मारून आणलं.
तिच्यासमोर मी शिडीवरून उतरत नाही.

परवा पाटी ठोकत होतो. दिवस बुडालेला.
पाखाडीवरून कुणी धावत आलं,
पोटाशी काहीतरी गुंडाळून धरलेलं.
बाबलचा नातू इंजिनाच्या दोरीला हात घालून
माझ्याकडं बघत राहिला, जशी काही पाटी मीच.
काय गुंडाळलंय ते मी विचारलं नाही.
शिडी थोडी बाजूला ओढली,
म्हटलं, रंग ओला आहे, अंग लावू नका.

सकाळी पाहिलं तर 'बंद'च्या पुढं
कुणाचातरी अंगठा उठला होता, सगळ्या रेषांसकट.
पुसायला चिंधी घेतली होती. खिशात ठेवली.
दिवाळीपर्यंत टिकेल.